गिरणगावातल्या गाळ्यात गाणं-बजावणं: १२० माणसांची जागा उभी करताना आधी काय?

तिसरी_घंटा

लोअर परळच्या जुन्या गिरणीच्या आवारातला एक गाळा. लांबी १२ मीटर, रुंदी ९, जमिनीपासून स्लॅबपर्यंत ३.६ मीटर. तळमजला आहे, वर एक कार्यालय, मागच्या बाजूला भिंतीपलीकडे वीसेक मीटरवर रहिवासी इमारत. इथे १२० माणसांची लाइव्ह संगीताची जागा करायची आहे. शुक्रवार-शनिवार बँड, रविवारी जॅझ किंवा गझल, आणि बुधवार कायमचा ढोलकी-हलगी-लावणीसाठी राखीव. डीजे महिन्यातून एखाद्या वेळी.

प्रश्न तीन आहेत. साउंडसाठी बाजूला काढलेले पैसे आधी कशावर घालायचे? आवाज बाहेर जाऊ नये म्हणून काय करायचं (अंतर्गत सजावटवाले म्हणतात भिंतींना फोम लावू, काम झालं)? आणि बुधवारसाठी वेगळी काही तयारी लागते का? परवानग्यांबद्दलही जाणकारांनी लिहावं. मुंबईत अशा जागा सुरू होतात आणि दोन-तीन वर्षांत बंद पडतात. ही टिकावी अशी मनापासून इच्छा आहे.

खर्ज

आधी खोली, मग यंत्रं. पैशाचा क्रमही तोच ठेवा. चांगल्या खोलीत साधे स्पीकर गोड लागतात. वाईट खोलीत कितीही महागडे लावा, गायकाचे शब्द कळणार नाहीत.

तुमच्या मापांवरूनच हिशेब करू. घनफळ साधारण ३९० घनमीटर. भिंती, छत, जमीन मिळून ३६५ चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग, सगळा सिमेंट आणि लादी. असा रिकामा गाळा आवाज थांबल्यावरही चार सेकंदांच्या आसपास घुमत राहतो. बँडसाठी एवढ्या जागेत ०.६ ते ०.७ सेकंद हवा. छताला ६० चौरस मीटर रॉकवूल (दगडाच्या तंतूंची गादी, १०० मिमी जाड, मागे १०० मिमी हवा सोडून) आणि मंचासमोरची मागची भिंत पूर्ण झाकली, की रिकाम्या खोलीत ०.७ पर्यंत येता. माणसं भरल्यावर अजून कमी होतो, ०.४५ सेकंदांच्या आसपास. तालमीच्या वेळी जरा घुमणारी जागा रात्री कोरडी होते ती यामुळे. म्हणून दुपारच्या साउंडचेकला प्रतिध्वनीचा इफेक्ट ठरवून ठेवू नका, रात्री पुन्हा ऐका.

हा हिशेब मधल्या पट्टीचा झाला. खर्जात गोष्ट वेगळी. माणसं आणि एवढ्या जाडीचं रॉकवूल दोघंही १०० हर्ट्झच्या खाली फारसं काही शोषत नाहीत. आणि तुमच्या मापांत एक खोड आहे. १२ आणि ९ यांचं गुणोत्तर ४:३. लांबीचा चौथा अनुनाद (ज्या सुरावर खोली स्वतःच घुमते तो) आणि रुंदीचा तिसरा अनुनाद दोन्ही ५७ हर्ट्झवर येतात. बेस गिटारची ए तार ५५ हर्ट्झ, तिचा पहिला पडदा ५८. म्हणजे बेसवादकाने त्या दोन सुरांवर बोट ठेवलं की खोली गुरगुरणार आणि बाकीच्या सुरांवर बेस हरवल्यासारखा वाटणार. त्यात बेसवादकाचा काही दोष नसेल. शिवाय उंचीमुळे ४८ हर्ट्झवर एक आहेच.

उपाय: १२ मीटरच्या एका भिंतीला समांतर, आतून एक नवी भिंत उभारून रुंदी ९ वरून ८.४ च्या आसपास आणा. आवाज अडवायला ती भिंत तशीही लागणार आहे. मग ५७ चा दुसरा हिस्सा ६१ वर सरकतो. कोपऱ्यांत छतापर्यंत ४०-५० सेंटीमीटर खोलीचे रॉकवूलचे त्रिकोणी खांब भरा.

फ्यूज_वायर

फोमबद्दल खर्जराव बोलले नाहीत, ते मी लिहितो, कारण हा मुद्दा जिवाचा आहे.

फोम लावून आवाज बाहेर जायचा थांबत नाही. फोम हलका असतो आणि आवाज अडवायला वजन लागतं. फोम फक्त आतली वरच्या पट्टीची चरचर कमी करतो. आणि साधा पॉलियुरेथेन फोम पेटला की काही सेकंदांत भिंतभर धावतो, काळा विषारी धूर सोडतो. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातल्या 'द स्टेशन' क्लबमध्ये २००३ साली मंचावरच्या आतषबाजीने फोम पेटला आणि १०० माणसं गेली. ब्राझीलमध्ये सांता मारियाच्या 'किस' क्लबमध्ये २०१३ साली हेच झालं, २४२ बळी. दोन्हीकडे फोम ध्वनीसाठी म्हणून लावलेला.

आपल्याकडे २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या आगीत १४ जण गेले. तुमच्या गाळ्यापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. तिथे बरेच लोक स्वच्छतागृहात अडकले होते. त्यातून घ्यायचा धडा: स्वच्छतागृहाच्या दारातून बाहेर पडल्यावर समोरच बाहेरचा रस्ता दाखवणारा दिवा दिसला पाहिजे, आणि तो बॅटरीवर चालणारा. गोव्यात हडफड्याला डिसेंबर २०२५ मध्ये नाइटक्लबच्या आगीत २५ जण गेले, त्यात बहुतेक तिथलेच कर्मचारी होते. म्हणून स्वयंपाकघर आणि कोठारालाही स्वतःची बाहेरची वाट ठेवा. कर्मचाऱ्यांना प्रेक्षकांच्या दारापर्यंत धावत यावं लागता कामा नये.

रॉकवूल जळत नाही. त्यावर ताणायचं कापड मात्र अग्निरोधक प्रक्रिया केलेलंच घ्या आणि त्याचा एक तुकडा लायटर लावून स्वतः तपासा. लायटर बाजूला केल्यावर ज्योत विझली पाहिजे, वितळून थेंब पडता कामा नयेत. आत कोणतीही ठिणगी नको, 'कोल्ड पायरो' नावाने विकतात ती सुद्धा नको. ३.६ मीटर छताखाली तिला जागाच नाही.

चाळकरी_वादक

फोमबद्दल शंभर टक्के सहमत. पण आवाज अडवायचा कसा ते कोणी सांगा ना. वरचं कार्यालय रात्री बंद असेल, मागची इमारत झोपलेली असणार.

खर्ज

वजन, हवेची फट, आणि सगळी भोकं बंद. या तिन्ही एकत्र असतील तरच उपयोग.

मागच्या भिंतीला टेकून नव्हे, १० सेंटीमीटर सोडून वेगळी चौकट उभी करायची. ती जुन्या भिंतीला कुठेही स्क्रूने जोडायची नाही. एक जरी जोड राहिला तर कंपन त्यातून पलीकडे जातं. चौकटीत रॉकवूल, खोलीच्या बाजूने साडेबारा मिमीचे जिप्सम बोर्ड दोन थर, सांधे एकावर एक येऊ न देता. सगळ्या कडांना अकौस्टिक सीलंट. छतही तसंच, रबरी हँगरवर लोंबतं. मुख्य दाराला दोन दारांची मधली खोली करा, म्हणजे एक दार उघडलं तरी दुसरं बंद राहील.

लोकांची चूक होते ती फटींत. क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का जरी उघडं राहिलं तरी ती भिंत २० डेसिबलपेक्षा जास्त अडवू शकत नाही, मग ती कितीही जाड बांधा. एसीची डक्ट, केबलची भोकं, शटरच्या खालची फट, एक्झॉस्ट पंखा. आवाज इथूनच पळतो.

कायद्याचं_बोला

परवानग्या आणि मोजमाप.

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. अपवाद बंदिस्त जागेचा. म्हणून तुमचा गाळा खरोखर बंदिस्त असला पाहिजे. शटर अर्धं वर आणि बाहेर गर्दी असं दिसलं की तो अपवाद तुमच्या हातात राहत नाही. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज तुमच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा फार तर ५ डेसिबल जास्त चालतो. व्यापारी भागाची रात्रीची मर्यादा ५५, म्हणजे ६०. रहिवासी भागाची ४५, म्हणजे ५०. मागे घरं असल्याने तुम्ही ५० धरूनच बांधा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असू शकतं, तेही करार करण्याआधी नकाशावर मोजून बघा.

आता यातली मेख. ही मोजणी 'ए' भारांकनाने (माणसाच्या कानासारखी खर्जाला कमी किंमत देणारी मोजपट्टी) होते आणि त्यात ६३ हर्ट्झचा आवाज २६ डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे मीटरवर तुम्ही पास, पण मागच्या इमारतीतल्या आजींच्या पलंगाला धडधड पोचते. तक्रार आजी करतात, मीटर करत नाही. स्वतःच्या मोजणीत 'सी' भारांकनही (यात खर्ज जवळपास पूर्ण धरला जातो) बघा, दोन्हींत १५ डेसिबलपेक्षा जास्त फरक दिसला की सब (खर्जाचे मोठे स्पीकर) कमी करा.

कागद: पोलिसांचा सार्वजनिक करमणुकीचा परवाना, पालिकेचा आरोग्य परवाना, अन्नपरवाना, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला. अग्निसुरक्षेसाठी २००६ च्या महाराष्ट्र कायद्याखाली परवानाधारक संस्थेकडून 'बी' नमुन्यातलं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं, एकदा घेऊन विसरायचं नसतं. दारू देणार असाल तर उत्पादन शुल्क विभागाचा परवाना वेगळा. बुधवारी वग किंवा बतावणी, म्हणजे संहिता असलेलं काही होणार असेल, तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं.

गाण्यांचे हक्क: बँडने दुसऱ्याचं गाणं गायलं तर शब्द आणि चाल यांचा परवाना आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडून. डीजेने ध्वनिमुद्रण वाजवलं तर ध्वनिमुद्रणाचा वेगळा, पीपीएल वगैरे ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संस्थांकडून. एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही.

आणि पैसा: संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. लोककला किंवा शास्त्रीय कलाप्रकारातल्या कलाकाराचं मानधन एका कार्यक्रमाला दीड लाखापर्यंत असेल तर त्यावरही नाही. तुमच्या बुधवारसाठी हे फार कामाचं आहे.

धोबीतलाव_जंक्शन

अवांतर, पण राहवत नाही. शांतता क्षेत्र म्हटलं की धोबीतलावचं खुलं नाट्यगृह रंगभवन आठवतं. १९७८ ची पहिली जॅझ यात्रा (जॅझ महोत्सव) तिथे झाली, अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स येऊन वाजवून गेला. पुढे कॉलेजच्या पोरांचे रॉक महोत्सवही तिथेच. उघड्या आकाशाखाली, तिकीट परवडणारं, चर्चगेट आणि सीएसएमटी दोन्हीकडून चालत. एका बाजूला झेवियर्स, जवळ कामा आणि जीटी रुग्णालयं. नियम आले आणि मोठ्या आवाजाचे कार्यक्रम तिथे बंद झाले. रुग्णांच्या दृष्टीने योग्यच, पण त्या तोडीची जागा शहराने पुन्हा बांधली नाही याचं वाईट वाटतं.

त्याआधी चर्चगेटच्या वीर नरीमन रोडवर हॉटेलाहॉटेलांत बँड असायचे. वाजवणारे बहुतेक गोव्याचे. चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, रात्री ट्रम्पेट वाजवायचे आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला. त्या काळी माइक एक, गाणाऱ्यापुढे. बाकी सगळं वाद्यांच्या स्वतःच्या आवाजावर, आणि तोल वादकच सांभाळायचे.

गिरणीचा_भोंगा

आणि गिरणगावाच्या बाजूने सांगायचं तर लालबागचं हनुमान थिएटर. तमाशा बघायला पाळी सुटलेले कामगार यायचे. तेव्हा तिसरी_घंटा, तुम्ही बुधवारी ढोलकी ठेवताय ती त्या भागात नवी नाही, परत येतेय. मनापासून आनंद झाला.

मधला_पडदा

दिसण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. लाइव्ह जागेत मागच्याला मंच दिसला नाही की तो बोलायला लागतो, आणि एक बोलला की दहा बोलतात. २००७ ते २०१६ मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग हा लाइव्ह संगीताचा क्लब होता, तिथली बसायची गोल कोंडाळी वेगवेगळ्या उंचीवर होती. त्यामुळे बसलेल्यांच्या डोक्यावरून मागच्यांना दिसायचं. तुम्हाला छताच्या उंचीमुळे तेवढं जमणार नाही. मंच ४५ सेंटीमीटर, आणि मागच्या ३ मीटर पट्ट्यात ३० सेंटीमीटरचा एक ओटा. एवढं पुरे. त्याच्या कडेला पिवळी पट्टी आणि बारीक दिवा हवा, अंधारात पाय अडकतो.

माणसांचा हिशेब: १०८ चौरस मीटरमधून नवी भिंत गेली की शंभराच्या आसपास. मंच ५ बाय ४, बार, कन्सोल (ध्वनिमिश्रणाचं टेबल) आणि दोन्ही दारांकडे जाणाऱ्या मोकळ्या वाटा वजा केल्या की ६० च्या आसपास उरतात. उभ्याने चौरस मीटरला दोन माणसं आरामात. १२० बरोबर बसतात, त्यापुढे एकही नको. दारावर हातात मोजणी-यंत्र घेतलेला माणूस ठेवा, येणाराही मोजा आणि जाणाराही.

बार मंचाच्या समोर ठेवू नका, बाजूला घ्या. ब्लेंडर आणि बर्फाचं यंत्र बाहेरच्या खोलीत.

खर्ज

मधला_पडदा यांचा मंच कुठल्या बाजूला? ९ मीटरच्या भिंतीला असेल तर आवाज मागच्या भिंतीपर्यंत जाऊन गायकाकडे ७० मिलीसेकंदांनी परत येतो. टाळीसारखा स्पष्ट प्रतिध्वनी ऐकू येतो आणि गायक मागे पडत जातो. म्हणून मी मागची भिंत पूर्ण झाकायला सांगितली. तिथे आरसे किंवा काचेची चौकट लावायचा मोह आवरा.

ड्रमकाठी

इथे सगळे बेसच्या मागे लागलेत, पण १२० माणसांच्या खोलीचा आवाज ठरवतो तो ड्रमर. ड्रमसेटला माइक न लावताही तो अशा खोलीत १०० डेसिबलच्या वर जातो. गायकाचा आवाज त्याच्या वर न्यायचा तर माइक उघडावा लागतो, उघडला की त्यात झांजा शिरतात, आणि मग शिट्टी (स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून येणारी). स्पीकर दोषी नसतात, स्पर्धा दोषी असते.

करायचं ते असं. सेट जागेचाच ठेवा, २० किंवा १८ इंची किकचा (पायाने वाजवायचा मोठा ड्रम). झांजा पातळ. रॉड्स (बारीक काड्यांच्या जुड्या) चार जोड्या ठेवून द्या आणि नम्रपणे मागा. ड्रमभोवती पारदर्शक पडदा लावणार असाल तर त्याच्या मागे आणि वर रॉकवूल असेल तरच लावा, नाहीतर तो आवाज मागच्या भिंतीवर आपटून दुप्पट गोंधळ करून बाहेर येतो. किक आणि स्नेअर (मधला कडक आवाजाचा ड्रम) एवढ्यांनाच माइक, वर एक असला तर असला. मुख्य स्पीकर ड्रमच्या पुढे २ मीटर असतील तर त्यांना ६ मिलीसेकंद उशीर द्या, म्हणजे स्नेअरचा ठोका एकच ऐकू येतो.

चाळकरी_वादक

पडद्याबद्दल असहमत. छोट्या मंचावर पडद्यामागे ड्रमर एकटा पडतो आणि जोरात वाजवायला लागतो. रॉड्स आणि समजूतदारपणा बरा.

ड्रमकाठी

मान्य, म्हणूनच शेवटचा उपाय म्हणून लिहिला.

सब_के_साथ

स्पीकरची निवड: १२ इंची दोन टॉप (मुख्य स्पीकर), १८ इंची दोन सब. एवढ्या जागेला भरपूर झालं. सब डावीकडे एक, उजवीकडे एक ठेवायची सवय सोडा. ६ मीटर अंतरावर ठेवले की मधल्या पट्ट्यात बेस दुप्पट आणि बाजूला खड्डे पडतात, जिथे एका सबचा आवाज दुसऱ्यापेक्षा अर्ध्या तरंगाने उशिरा येतो तिथे. दोन्ही एकमेकांना चिकटवून मंचाच्या मध्यावर, पुढच्या कडेखाली. मंच पोकळ असेल तर त्याच्या पोटात रॉकवूल कोंबा, नाहीतर मंचच ढोल होतो.

टॉप २.५ मीटर उंचीवर, तोंड मागच्या दोन-तृतीयांश माणसांच्या कानाकडे झुकवून. छताकडे जाणारा प्रत्येक आवाज वाया.

मॉनिटर (गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना ऐकू यावं म्हणून मंचावर ठेवायचा स्पीकर): कार्डिऑइड, म्हणजे पाठीमागचा आवाज सगळ्यात कमी घेणारा माइक (एसएम५८ सारखा) असेल तर मॉनिटर थेट त्याच्या शेपटीमागे. सुपरकार्डिऑइड (थेट मागचा आवाज थोडा घेणारा) असेल तर थेट मागे नको, १२५ अंशांवर, म्हणजे मागच्या दोन बाजूंना. माइक बदलला आणि मॉनिटर तिथेच राहिला की लोक इक्वलायझरशी भांडत बसतात.

शिट्टी काढायची पद्धत: खोली शांत, फक्त मॉनिटर चालू. गायकाचा फेडर हळूहळू वर. पहिली शिट्टी कोणत्या पट्टीत ते शोधा, अरुंद काप देऊन ३-४ डेसिबल कमी करा. पुन्हा वर. चार-पाच काप झाल्यावर थांबा. त्यापुढे कापत राहिलात तर आवाजाचा जीव जातो. मग माइक नाहीतर मॉनिटर हलवा. शेवटी एकदा माइकच्या जाळीवर हात ठेवूनही पाहा, काही गायकांना जाळी मुठीत धरायची सवय असते.

फ्यूज_वायर

विजेचं. ध्वनी एका फेजवर, दिवे आणि एसी दुसऱ्या फेजवर. मंचावरचे सगळे सॉकेट, कन्सोल आणि अँप्लिफायर यांची अर्थिंग एकच. गिटारवाल्याचा ओठ माइकला लागल्यावर झटका बसतो तो दोघांची अर्थिंग वेगळी असल्याने. रोज साउंडचेकआधी मल्टिमीटरने गिटारची तार आणि माइकची जाळी यांच्यात व्होल्टेज मोजा. २-३ व्होल्टच्या वर दिसलं तर वाजवायचं नाही, आधी दोष शोधायचा. आरसीसीबी (गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) ३० मिलीअँपिअरची.

घरघर आली म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणारे आहेत. हे कधीच करू नका, करणाऱ्याला करू देऊ नका. डीआय बॉक्सवर (वाद्याचा सिग्नल कन्सोलकडे नेणारी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते त्याचसाठी. ते सिग्नलची अर्थिंग तोडतं, जीव वाचवणारी नाही.

ढोलकीचा_नाद

आता बुधवार. तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही म्हणून सविस्तर लिहितो.

ढोलकीला दोन माइक, दोन्ही साधे डायनॅमिक, पुडीपासून १०-१५ सेंटीमीटर, हात लागणार नाही अशा तिरक्या कोनात. उजव्या बाजूच्या माइकला १५० हर्ट्झखाली काप. डाव्या बाजूला काप नको, गेट (हळू आवाज आपोआप बंद करणारं यंत्र) तर अजिबात नको. गेट लावला की घुमाऱ्याची शेपूट तुटते, आणि ढोलकीची मजा त्या शेपटीत आहे. कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारा) लावायचाच तर त्याचा अटॅक, म्हणजे दाबायला लागण्याआधीचा वेळ, २०-३० मिलीसेकंद ठेवा, नाहीतर थाप दबून जाते. बँडच्या दिवशीच्या किकच्या सेटिंगवर ढोलकी चालवली की ती प्लास्टिकच्या डब्यासारखी लागते. बुधवारचं सेटिंग वेगळं साठवून ठेवा.

ढोलकीवाला उभ्याने वाजवणार की बसून ते आधी विचारा. उभा असेल तर स्टँड बूमचे आणि जड पायाचे.

पेटी: वरून एक माइक, २५-३० सेंटीमीटर. पेटीचा आवाज मॉनिटरमध्ये कमीत कमी. पेटीवाल्याला पेटी ऐकू येतेच, त्याला गायिका हवी असते. तुणतुण्याला छोटा क्लिपचा माइक.

लावणीसाठी मंचाच्या पुढच्या भागात ३ बाय अडीच मीटर पूर्ण मोकळं. तिथे मॉनिटर, केबल, सेटलिस्टची चिकटपट्टी काहीही नको, पाय अनवाणी असतात. १८ मिमी प्लायचे दोन थर, वर गुळगुळीत पण निसरडं नसलेलं पॉलिश. लादीवर किंवा गालिच्यावर नाचायला लावू नका, गुडघे जातात आणि घुंगरू मरतात. चाळ कित्येक किलोचे असतात, तेव्हा मंचाच्या चौकटीला ४० सेंटीमीटरवर आडव्या पट्ट्या हव्यात. घुंगरांसाठी मंचाच्या पुढच्या कडेला जमिनीवर ठेवायचा बाउंड्री माइक, १२० हर्ट्झखाली काप. गायिका आणि नर्तिका एकच असेल तर कानाचा माइक. अदाकारीला दोन्ही हात लागतात.

आरसा, साडी बदलायला बंद खोली आणि आतून कडी. हे ध्वनीइतकंच महत्त्वाचं. बाईमाणसांना नऊवारी नेसायला स्वच्छतागृह दाखवणारी जागा बघितली की राग येतो.

हलगी: चामड्याची असेल तर पावसाळ्यात कातडं सैल पडतं. मोकळ्यावर शेकतात तसं आत शेकता येणार नाही, हेअर ड्रायर ठेवा. तबला-डग्गा-ढोलकीही कार्यक्रमाच्या तासभर आधी खोलीत आणून ठेवावी, एसी रात्रीच्या तापमानाला लावून, आणि मग सुरात लावावी. दार उघडल्यावर एसी वाढवला की सूर बदलतो.

जिज्ञासू_कान

कानांचं काय? दर आठवड्याला जाणाऱ्यांचं?

कायद्याचं_बोला

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी मानक दिलं: १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर नको, आवाज सतत मोजून त्याची नोंद ठेवावी, कानात घालायचे बोळे मिळावेत, आणि शांत बसायला एक कोपरा असावा. पण ही वरची हद्द आहे, लक्ष्य नव्हे. कर्मचाऱ्यांसाठी ती जास्तच आहे, बारवरचा मुलगा तिथे पाच तास उभा असतो. ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, असा हिशेब धरला तर १०० ला फक्त १५ मिनिटं होतात. त्यांना चांगले, मापाचे बोळे जागेच्या खर्चाने द्या. तुमच्या खोलीला ९४-९५ पुष्कळ.

साडेअकराची_लोकल

वेळेबद्दल. दारू देणाऱ्या जागा दीडपर्यंत उघड्या राहू शकतात, म्हणून अनेक ठिकाणी बँड साडेदहाला सुरू होतो. कल्याण, बदलापूर, वसई, पनवेलची माणसं त्यामुळे येतच नाहीत. कर्जत-कसाऱ्याकडची शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते. साडेआठला पहिला सूर आणि अकराला शेवटचा, एवढं पक्कं पाळलं तर बुधवारी सुद्धा खोली भरेल, आणि मागची इमारतही झोपेल.

दोन बँड असतील तर साउंडचेक उलट्या क्रमाने: शेवटी वाजवणारा आधी, पहिला वाजवणारा सगळ्यात शेवटी. मग पहिल्याची मांडणी तशीच राहते. ड्रमसेट आणि बेसचा अँप सामायिक. स्नेअर, झांजा, पेडल ज्याचे त्याचे. बदलायला १५ मिनिटं. इनपुटची यादी दोन दिवस आधी मागवा.

चाळकरी_वादक

+१. आणि यादीबरोबर मानधनही लिहून द्या. ठरावीक रक्कम, त्यावर तिकिटांचा वाटा, कधी मिळणार ती तारीख. ढोलकी-हलगीवाल्यांना त्याच रात्री, गाडीभाड्यासकट. 'लोक येतील, प्रसिद्धी मिळेल' हे मानधन नव्हे.

तिसरी_घंटा

सगळ्यांचे खूप खूप आभार. आराखडा बदलला. फोम रद्द. साउंडच्या पैशातला मोठा वाटा भिंत, छत आणि दारांवर; स्पीकर सुरुवातीला भाड्याने. मंच ९ मीटरच्या (आता ८.४) बाजूला, सब मध्यावर, मागची भिंत पूर्ण रॉकवूल. कपडे बदलायची खोली नकाशात नव्हती, ती कोठारातून दीड बाय अडीच मीटर काढून घातली. मंचामागे दुसरं दार निघतंय, ते थेट आवारात उघडतं.

दोन प्रश्न उरले. ५७ हर्ट्झची खोड बांधून झाल्यावर गेली की नाही ते कसं कळणार? आणि हलगीला माइक किती?

खर्ज

एक सब कोपऱ्यात ठेवा, फोनवरून शुद्ध सूर सोडा, ४० ते ८० हर्ट्झ एकेक हर्ट्झने चढवत. आवाज बेताचा. खोलीत चालत राहा आणि जिथे अचानक फुगतो किंवा नाहीसा होतो तिथे जमिनीवर खडूने आकडा लिहा. भिंत उभी राहण्याआधी एकदा करा आणि नंतर एकदा. दोन्ही वेळचे फोटो काढून ठेवा, कोपऱ्यातल्या खांबांची जाडी त्यावरून ठरेल. त्याच रात्री कोणाला तरी मागच्या इमारतीच्या जिन्यात उभं करा, रहिवाशांना सांगून.

आणि दुसरं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, दांडा ढकलला की सुटणारं घ्या. आवारातल्या गाड्या त्याच्यापुढे लागणार नाहीत असे दोन लोखंडी खांब रोवा.

ढोलकीचा_नाद

हलगीला एकही नाही. त्या खोलीत हलगीवाल्याला मंचाच्या मागच्या कोपऱ्यात उभं करा आणि बाकीच्यांचे माइक त्याच्याकडे पाठ करून लावा. तेवढी पुरते.